चोवीसचे तेवीस करून बघ

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली करायच्या लढाईचा गेम करतोय. बारा बाय दहा चौकोनांचा पट, गावाच्या वेशीवरची लढाई, आपले चार, समोरचे सहा. सोपं, मध्यम आणि अवघड अशा तीन पातळ्या. सोप्यात शत्रूचे एचपी (किती मार खाल्ला की पडणार तो आकडा) पाऊणपट, अवघडात दीडपट. मित्र म्हणतात अवघड नुसतं रटाळ आहे. धाकट्या बहिणीला सोपंसुद्धा पार होत नाही. शिवाय ऐंशी-नव्वद टक्के लिहिलेला वार सारखा चुकतो, गेम फसवतोय, असं सगळ्यांचंच म्हणणं. आपला माणूस मेला की कायमचा मेला, हे ठेवू की काढू, तेही त्याला विचारायचंय. "दादा, आकडे काय ठेवू तेवढं सांगा."

आकडे सांगतो. मी चौदा वर्षं हेच करतोय, आधी पुण्यात, आता जुळे सोलापुरातल्या घरातून. कामाचं नाव बॅलन्सिंग. आमच्या आईच्या भाषेत 'दिवसभर गेम खेळून पगार घेणं'. तू पाठवलेला बिल्ड, म्हणजे गेमची आत्ताची आवृत्ती, शनिवारी-रविवारी खेळलो, शेजारी वही घेऊन. आधी तुझेच आकडे तुला वाचून दाखवतो.

तुझा तलवारवाला एका वारात ८ काढतो, भालेवाला ९, तिरंदाज ६. वैद्य मारत नाही. मध्यमवर शत्रूचे एचपी २४. आता तिघांनी मिळून एकाच शत्रूवर वार केले तर किती होतात? ८ अधिक ९ अधिक ६, म्हणजे २३. तो गडी एक एचपी घेऊन उभाच! आणि उभा आहे म्हणजे पुढच्या टर्नला पूर्ण ताकदीने मारणार, कारण तुझ्या गेममध्ये एक एचपीवाला आणि चोवीस एचपीवाला सारखंच मारतात. म्हणजे खेळणाऱ्याने सगळं बरोबर केलं, तिघांना एकाच ठिकाणी आणलं, तिन्ही वार लागले, तरी पहिल्या टर्नला कोणी पडत नाही. हे तू मुद्दाम केलं नसणार. चोवीस हा आकडा गोल वाटला म्हणून टाकला असशील.

आता सोपं. २४ चे पाऊणपट १८. तलवार आणि भाला मिळून होतात १७. परत एक एचपी! एकट्या तलवारीचं बघ: दोन वारांत १६, म्हणजे तिसरा वार लागतोच, मध्यमवर लागतो तसाच. म्हणजे सोपं निवडूनही तलवारवाल्याला काडीचा फरक पडत नाही. अवघडात ३६. तलवारीला ५ वार, भाल्याला ४, बाणाला ६. मध्यमच्या तुलनेत भाल्याला एकच वार वाढला, बाकी दोघांना दोन-दोन. तू न ठरवताच अवघड पातळीवर भाला हे शहाणं शस्त्र होऊन बसलंय.

छोट्या आकड्यांच्या गेममध्ये टक्केवारी असं खेळते. एचपी दोनशे-तीनशे असतील तर पाऊणपट, दीडपट जरा गुळगुळीत चालतं. वीस-पंचवीसच्या घरात सगळा हिशोब जिन्यासारखा असतो, उतार नसतोच. दहा टक्के वाढवलं तर कधी काहीच होत नाही आणि कधी अख्खा एक वार वाढतो. म्हणून गुणाकार सोड आणि 'कोणी कोणाला किती वारांत पाडावं' याचा तक्ता कर. मध्यमवर तिघांनी साथ दिली तर एक पडावा, असं वाटत असेल तर एचपी २३. सोप्यावर दोघांनीच पाडावा असं वाटत असेल तर १५; मग तलवार-भाला पाडतात आणि भाला-बाणही पाडतात. अवघडाला काय ठेवायचं? २४ ठेव. हसू नकोस. तू आज ज्याला मध्यम म्हणतोस ते अवघड आहे, आणि ज्याला अवघड म्हणतोस ते लांब आहे.

लांब म्हणजे किती, तेही मोजलं. सहा शत्रू, प्रत्येकी २४, एकूण १४४. तुझ्या तिघांचा एका टर्नचा मारा जास्तीत जास्त २३. सगळे वार लागले तरी सात टर्न. अवघडात २१६, म्हणजे दहा टर्न. पण सातव्या टर्नला पटावर जे चित्र असतं तेच दहाव्यालाही असतं. शेवटचे दोन-तीन शत्रू, आपण कोपऱ्यात, वैद्य मागे, मारा-मारा-बरं करा. ह्या वाढीव तीन टर्नमध्ये खेळणारा एकही नवीन विचार करत नाही. तुझे मित्र रटाळ म्हणाले ते बरोबर म्हणाले. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षात एका मोठ्या शत्रूचे एचपी असेच दुप्पट केले होते. वरिष्ठांनी मला तो गेम लागोपाठ चारदा खेळायला बसवलं. तिसऱ्या वेळी मला बसल्या जागी झोप लागली, आणि चर्चा तिथेच संपली.

आता बहिणीचं. तिला सोपं का पार होत नाही हे एचपीत शोधू नकोस. तुझा बिल्ड मी माझ्या पुतणीला दिला. सातवीत आहे, बुद्धिबळ बरी खेळते. मी मागे खुर्ची टाकून गप्प बसलो. पहिली टर्न ठीक. दुसऱ्या टर्नला भालेवाल्याला मार बसला म्हणून तिने वैद्याला दोन चौकोन पुढे नेलं, त्याच्यावर औषध केलं, टर्न संपवली. भिंतीमागून दोन बाण आले, प्रत्येकी ७. वैद्याचे एचपी १४. मेला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ओ काका, कुठनं मारला त्यो?"

हाच तुझ्या प्रश्नाचा गाभा आहे. तिने जे केलं ते बरोबर होतं: जखमी माणसाजवळ वैद्य नेणं. शत्रू तिरंदाजाचा पल्ला किती, हे तू कुठे दाखवलंच नाहीस. सोप्या पातळीवर शत्रूचे एचपी कमी केलेस, त्याचा तिला उपयोग शून्य, कारण ती शत्रूपर्यंत पोचायच्या आधीच वैद्य गमावून बसली होती. पुढच्या पाच टर्न तिने हरलेली लढाई ओढली. चूक दुसऱ्या टर्नला झाली, कळली सातव्याला. चूक किती महाग पडते आणि ती किती लवकर दिसते, ह्या दोन गोष्टींवर पातळ्या बांध. एचपी हा त्यातला सगळ्यात मुका भाग.

आमचं मूळ घर पूर्व भागातलं. वडील चादरीच्या मागावर होते. ताण्याचा धागा तुटतो. त्यात कामगाराचा दोष नसतो, तो तुटणारच. नजर असेल तर दोन इंचांत दिसतो, माग थांबवायचा, गाठ मारायची, पुढे चालू. नजर चुकली आणि हातभर विणून झाल्यावर दिसला तर ती चादर सेकंड मालात. नवीन पोरगा आला की वडील त्याला आधी दोन माग बघायला द्यायचे, मुरला की चार. सूत तेच, धागा तुटायचा तेवढाच, फक्त डोळा ठेवायच्या जागा दुप्पट. नवशिक्याला कच्चं सूत देऊन कोणी परीक्षा घेत नव्हतं.

ह्या दृष्टीने मोठ्या गेमांकडे बघ. फायर एम्ब्लेम ही निन्टेंडोची मालिका १९९० पासून चालू आहे, आणि पहिल्या भागापासून तिची ओळख हीच की मेलेला शिपाई परत येत नाही. पण प्रत्यक्षात लोक काय करायचे? आवडता शिपाई मेला की मशीन बंद करून नकाशा पहिल्यापासून. म्हणजे शिक्षा गेममधल्या फौजेला होतच नव्हती, खेळणाऱ्याच्या तासाभराला होत होती. २०१० साली फक्त जपानात निघालेल्या, डीएस ह्या हातातल्या मशीनवरच्या भागात त्यांनी 'कॅज्युअल' हा पर्याय दिला: पडलेला शिपाई पुढच्या लढाईला हजर. आणि तो पातळीपासून वेगळा ठेवला. शत्रू अवघड हवेत पण माणसं मरायला नकोत, असं मागता येऊ लागलं. २०१५ च्या फेट्स ह्या भागात तर 'फीनिक्स' आला. पडलेला पुढच्याच टर्नला उठतो. त्यावर जुन्या खेळाडूंनी भरपूर नाकं मुरडली. मलाही तो खेळायला आवडत नाही. पण कोणाच्या घरी कोण तो लावून कथा बघतोय, त्याने माझं काय जातं?

म्हणून कायमच्या मरणाचा तुझा प्रश्न 'ठेवू की काढू' असा नाहीच. ते वेगळं बटण कर. फक्त मधला एक पर्याय दे: पडलेला माणूस जखमी होतो आणि पुढचा एक नकाशा बाहेर बसतो. चार जणांच्या फौजेत एक बाहेर म्हणजे चांगलीच किंमत आहे, पण गेम बंद करून पहिल्यापासून सुरू करावा एवढी नाही.

दुसरी सोय मागे जाण्याची. टॅक्टिक्स ओगर ह्या अशाच गेमची पीएसपीवरची २०१० ची आवृत्ती पन्नास टर्नपर्यंत मागे जाऊ द्यायची. फायर एम्ब्लेमने २०१७ च्या एकोजमध्ये तेच मोजून-मापून दिलं, आणि २०२३ च्या एंगेजमध्ये नॉर्मलवर मागे जाण्याला मर्यादा नाही, वरच्या पातळ्यांवर एका नकाशात दहा वेळाच. इन्टू द ब्रीच (२०१८) एका लढाईत एकच टर्न परत घेऊ देतो. तुझ्यासाठी: सोप्यावर हवं तेवढं, मध्यमवर तीन, अवघडावर एक. अवघडावर शून्य करू नकोस. बोट चुकीच्या चौकोनावर पडणं ही डावपेचातली चूक नाही, आणि मोबाईलवर ती सारखी होते.

किंमत वाढवायचा माझा आवडता नमुना बाल्डर्स गेट ३ चा. तिथे मुक्काम करून पूर्ण विश्रांती घ्यायला बॅलन्स्ड ह्या मधल्या पातळीवर ४० शिधा लागतो, त्यावरच्या टॅक्टिशियनवर ८०. लढाई संपल्यावर तुम्ही किती उधळपट्टी केली, याचा हिशोब मुक्कामाला होतो. शत्रूचे एचपीही त्यांनी वाढवलेत, नाही असं नाही. पण मला टॅक्टिशियन आठवतं ते शिध्यामुळे: ह्या फुटकळ चकमकीत मोठा मंत्र खर्च करू का, हा विचार बॅलन्स्डवर कधी आला नव्हता.

आणि माहिती कधीही लपवू नकोस, अवघडावर तर नकोच. इन्टू द ब्रीच आठ बाय आठच्या पटावर प्रत्येक शत्रू पुढे कुठे मारणार ते आधीच दाखवतो, सगळ्यात वरच्या पातळीवरसुद्धा. तरी लोक हरतात, कारण सगळं दिसत असूनही आपल्याकडच्या तीनच लढाऊ यंत्रांनी सगळं थांबवता येत नाही. याच्या उलट उदाहरण फायर एम्ब्लेमच्याच थ्री हाऊसेस ह्या भागातल्या 'मॅडनिंग' पातळीचं. शत्रूची नवी कुमक नकाशाच्या कडेला उगवते आणि त्याच टर्नला हल्ला करते. पहिल्यांदा खेळणाऱ्याला ते कळायचा मार्गच नाही. मरायचं, लक्षात ठेवायचं, परत खेळायचं. याला मी अवघड म्हणत नाही. परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचं विचारून 'पेपर कडक काढला' म्हणणारे मास्तर असतात, त्यातला प्रकार. तुझ्या दुसऱ्या नकाशावर ओढ्याकडून जे दोघे येतात, त्यांच्या एक टर्न आधी तिथे धूळ उडालेली दाखव. अवघडावर हवं तर दोघांचे तीन कर, पण धूळ दिसू दे.

आता टक्केवारी. तुझा कोड बघितला, तो प्रामाणिक आहे: शून्य ते नव्याण्णवमधला एक आकडा, दाखवलेल्या टक्क्यापेक्षा कमी आला की वार लागला. गेम फसवत नाही. पण माणसाच्या मनात नव्वद म्हणजे 'लागणारच'. एका लढाईत साधारण पंचवीस वार होतात असं धर. प्रत्येक वार नव्वद टक्क्यांचा असला तरी सरासरी अडीच वार चुकणार, आणि पाचांतल्या एका लढाईत सलग दोन चुकणार. ऐंशी टक्क्यांचे चार वार घेतले तर चारही लागण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. हे सगळं बरोबर गणित आहे आणि तरी खेळणारा चिडतो. चिडलेल्या माणसाला गणित सांगून उपयोग नसतो.

फायर एम्ब्लेमवाल्यांनी २००२ च्या गेम बॉय अॅडव्हान्सवरच्या भागापासून एक युक्ती वापरली. एकाऐवजी दोन आकडे काढायचे आणि त्यांची सरासरी दाखवलेल्या टक्क्याशी ताडायची. सरासरी मधल्या भागात गोळा होते, त्यामुळे मोठे टक्के आणखी मोठे होतात, छोटे आणखी छोटे. दाखवलेले ९० प्रत्यक्षात ९८.१ होतात. ८० चे ९२.२. ५० तिथेच, ५०.५. ३० चे १८.३ आणि १० चे २.१. शत्रूलाही हाच नियम, पण आपले वार साधारण ऐंशी-नव्वदचे आणि शत्रूचे तीस-चाळीसचे असल्यामुळे फायदा आपल्याकडे झुकतो. अलीकडच्या काही भागांत त्यांनी सूत्र बदललंय, पण तुझ्या गेमला हे जुनं पुरेल. दोन ओळींचा बदल आहे.

एक गोष्ट मात्र पाळ: हे तिन्ही पातळ्यांवर सारखंच ठेव. एक्सकॉम २ (२०१६) खालच्या पातळ्यांवर सलग नेम चुकले की न सांगता हात देतो आणि सगळ्यात वरच्या 'लेजंड'वर तो हात काढून घेतो. हेतू चांगला आहे. पण खालच्या पातळीवर शंभर तास खेळून एखाद्याच्या अंगात '८५ म्हणजे एवढं' असा जो अंदाज मुरतो, तो वर गेल्यावर खोटा ठरतो. त्याला वाटतं इथे गेम लबाडी करतोय, आणि खरं तर लबाडी खाली होत होती. एचपी, किंमत, कुमक काहीही पातळीप्रमाणे बदल. टक्क्याचा अर्थ बदलू नकोस. आणि सेव्ह करताना पुढच्या आकड्यांचं बीजही (ज्यावरून ते आकडे निघतात तो मूळ आकडा) सेव्ह कर, म्हणजे लोड करून तोच वार पुन्हा मारला तर तोच निकाल येईल. एक्सकॉममध्ये मूळ व्यवस्था तशीच आहे. नाहीतर लोक लागेपर्यंत लोड करत बसतात आणि वर तक्रार करतात की गेम सोपा आहे.

शत्रूंची संख्या हा सगळ्यात धारदार सुरा आहे, जपून. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने मांडलेलं एक सूत्र आहे: जिथे सगळे सगळ्यांवर मारा करू शकतात तिथे फौजेची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. सहाचे सात केलेस तर ३६ चे ४९, म्हणजे ताकद ३६ टक्क्यांनी वर. तोच सातवा माणूस चिंचोळ्या वाटेत असेल, जिथे एका वेळी एकच समोर येतो, तर वाढ सरळ सहाला सात, सतरा टक्क्यांच्या आसपास. तुझा पहिला नकाशा वेशीचा आहे, दरवाजा एका चौकोनाचा. तिथे अवघडावर एक शत्रू बिनधास्त वाढव. तिसरा नकाशा माळावरचा, उघडा. तिथे वाढवलेला एक माणूस पहिल्या नकाशावरच्या दोघांना भारी पडेल. ज्याला भुईकोट किल्ल्याच्या दरवाजाची वळणं माहीत आहेत त्या सोलापूरकराला हे फार समजावून सांगायला नको.

शत्रूच्या डोक्याबद्दल थोडंच सांगतो. सोप्यावर शत्रूला वेडा करू नकोस. तो आपल्यासमोर उभा राहून भलतीकडे चालू लागला की खेळणाऱ्याला अपमान वाटतो. फक्त एवढंच कर: अवघडावर सगळे मिळून सर्वात कमी एचपीवाल्यावर तुटून पडतात, मध्यमवर जो जवळ त्याला मारतात, सोप्यावर एका टर्नमध्ये एकाच माणसावर दोनापेक्षा जास्त वार पडत नाहीत. वागणं तिन्हीकडे शहाणं दिसतं. आणि वैद्याचे एचपी १४ चे १५ कर, सगळ्या पातळ्यांवर. दोन बाण खाऊन एक एचपीवर उभा राहिलेला वैद्य माझ्या पुतणीला जे शिकवेल ते मेलेला वैद्य शिकवू शकत नाही.

पुढचे नकाशे वाढवशील तेव्हा एक त्रास येईल, आत्ताच सांगून ठेवतो. ह्या प्रकारचे बरेच गेम सुरुवातीला जीवघेणे आणि शेवटी पोरखेळ होतात, कारण जिंकणाऱ्याची फौज वाढत जाते आणि हरणाऱ्याची आटत जाते. अवघड पातळीचा सगळा जोर पहिल्याच नकाशावर लावू नकोस. २०२२ च्या टॅक्टिक्स ओगर रीबॉर्नने कथेच्या टप्प्याप्रमाणे फौजेच्या लेव्हलला कमाल मर्यादा घातली, म्हणजे बाजूला जाऊन सराव लढाया करून फुगता येत नाही. काहींना ते जाचक वाटलं. मला पटलं.

पातळ्यांची नावं. 'मध्यम' हा शब्द कुचकामी आहे. पुण्याहून माझे जुने सहकारी आले होते, त्यांना जेवायला नेलं. कडक भाकरी, शेंगाभाजी, शेंगा चटणी. वाढणाऱ्याला त्यांनी सांगितलं, "मीडियम तिखट द्या." त्याने दिलं मीडियमच. त्याच्या हिशोबाने. त्यातला एकजण पुढचा अर्धा तास फक्त दही खात होता. तुझ्या गेमचं मध्यम हे तुझ्या जिभेचं मध्यम आहे. तू तो नकाशा तीनशे वेळा खेळलायस. म्हणून नावाखाली दोन ओळी लिही, काय बदलतं ते सांगणाऱ्या. 'टर्न हवी तितक्या वेळा मागे घेता येते. शत्रू एकाच माणसावर तुटून पडत नाहीत.' असं. 'नवशिक्यांसाठी' लिहू नकोस. कोणी स्वतःला नवशिका म्हणवून घेत नाही, मग तो अवघड निवडतो, मार खातो आणि गेम काढून टाकतो. आधी कुठली पातळी निवडलेली दिसावी? जी तुझी बहीण तीन प्रयत्नांत पार करेल ती. आणि खेळ मध्यावर असताना पातळी बदलू दे, दोन्ही दिशांना.

तपासायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण आकड्यांपेक्षा तेच जास्त महत्त्वाचं. मित्रांना बिल्ड पाठवून 'कसा वाटला' विचारू नकोस. मित्र भारी आहे म्हणतात किंवा चेष्टा करतात, दोन्हीचा उपयोग नाही. पाच माणसं शोध, त्यातली दोन तरी असे गेम न खेळलेली. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत पाहुणे येतीलच. समोर बसव, मागे बस आणि तोंड उघडू नकोस. हे फार जड जातं. माझ्या पुतणीने वैद्य पुढे नेला तेव्हा मी जीभ चावून बसलो होतो. बोट हवेत थांबतं ती जागा लिहून ठेव. तिथे ती विचार करतेय. बोट न थांबता टर्न संपवली जाते ती जागाही लिही, कारण तिथे गेम स्वतःच खेळतोय. अवघड पातळी नीट जमली असेल तर थांबलेल्या जागा वाढतात. नुसत्या टर्न वाढल्या आणि थांबणं तेवढंच राहिलं तर परत दीडपटच्या चुकीवर आलास.

सोबत फाईलमध्ये चार गोष्टी लिहून घे: कितव्या टर्नला लढाई संपली, आपला पहिला माणूस कितव्या टर्नला पडला, कितीदा मागे घेतलं, कुठे गेम बंद केला. पहिला माणूस पडल्यापासून लढाई हरेपर्यंत चार-पाच टर्न जात असतील, तर खेळणारा हरलेली लढाई ओढतोय. तिथे त्याला परतीची वाट दे: माघार घेऊन नकाशा पुन्हा सुरू करायचं बटण समोर, मेनूच्या आत गाडलेलं नको.

कोणी सांगेल की संगणकालाच संगणकाशी हजार वेळा लढव आणि जिंकण्याचं प्रमाण बघ. जरूर लढव, काही मोडलं तर रात्रीत कळतं. पण संगणकाला राग येत नाही, आणि एक एचपीवर उरलेला शत्रू बघून तो "अरे बे!" म्हणत नाही. तुझा चोवीसचा आकडा त्या चाचणीत आरामात पास झाला असता.

तर पुढच्या बिल्डमध्ये एवढंच कर: १५, २३, २४, वैद्य १५, टक्क्याला दोन आकडे, शत्रूवर बोट ठेवलं की त्याचा पल्ला लाल चौकोनांत, मागे घ्यायचं बटण. बाकीचं नंतर, एकदम सगळं बदललंस तर कशाने काय झालं ते कळणार नाही. बहिणीला पुन्हा बसव, पण तिसऱ्या नकाशावर नको, तिथे उजवीकडच्या उंचवट्यावर माणूस अडकतो आणि परत खाली येत नाही. ते पातळीचं नाही, बग आहे. माझा तलवारवाला अजून तिथेच उभा आहे.